बीटा फायरवॉल बिघडली, तर दोष नेमका कुठे शोधायचा?

बीटा फायरवॉल, म्हणजे नेटवरची ये-जा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची अजून चाचणीत असलेली आवृत्ती, बसवल्यावर नेट गेलं, की बहुतेक जण घड्याळाशेजारच्या चिन्हावर राइट क्लिक करून ती बंद करतात. नेट तरीही येत नाही. मग राउटर बंद-चालू होतो, कस्टमर केअरला फोन लागतो आणि अर्धा दिवस भलत्याच जागी शोधण्यात जातो. म्हणून या ‘बंद करण्या’चा अर्थ आधी समजून घ्या. पुढची सगळी तपासणी त्यावर उभी आहे.

विंडोजवरच्या फायरवॉलचे दोन भाग असतात. खिडकी, चिन्ह, नियमांची यादी हा दिसणारा भाग साध्या प्रोग्रॅमसारखा चालतो. दुसरा भाग म्हणजे ड्रायव्हर, तो कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात राहतो. व्हिस्टापासून विंडोजमध्ये ‘विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म’ आहे, आणि आजच्या बहुतेक फायरवॉल आपले फिल्टर तिथे लावतात. काही फायरवॉल नेटवर्क कार्डावरही स्वतःचा एक थर चढवतात. चिन्हावरून बंद केलं की सहसा फक्त नियम थांबतात. ड्रायव्हर मेमरीत तसाच असतो आणि येणारं-जाणारं पॅकेट, म्हणजे माहितीचा प्रत्येक तुकडा, त्याच्याच हातून जात राहतं. बग ड्रायव्हरमध्ये असेल, तर ते बटण दाबून काहीच फरक पडणार नाही. ‘बंद करूनही नेट येत नाही, म्हणजे दोष फायरवॉलचा नाही’ असं म्हणू नका.

शट डाउनचंही तसंच आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज कर्नलची स्थिती डिस्कवर साठवते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलते, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. तपासणी करताना नेहमी ‘रिस्टार्ट’ करा. त्यात कर्नल नव्याने सुरू होतं.

बसवण्यापूर्वी

रोजच्या कामाच्या, बँकेच्या कॉम्प्युटरवर बीटा बसवूच नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. जुना लॅपटॉप किंवा व्हर्च्युअलबॉक्समधली, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरवरची (व्हर्च्युअल मशीनवरची) विंडोज वापरा. मात्र व्हर्च्युअल मशीनमध्ये खऱ्या वाय-फाय कार्डाशी होणारे झगडे दिसत नाहीत, हे ध्यानात असू द्या.

खऱ्या मशीनवर बसवायचंच असेल, तर ही तयारी करा:

१. ‘सिस्टम प्रोटेक्शन’ उघडून सी ड्राइव्हसाठी ते चालू आहे का पाहा. अनेक कॉम्प्युटरवर ते बंदच असतं. चालू करून हाताने रिस्टोर पॉइंट, म्हणजे बिघाड झाल्यास परत जाण्याची जागा, तयार करा.

२. पेन ड्राइव्हवर तीन गोष्टी ठेवा: त्याच फायरवॉलची स्थिर आवृत्ती, त्या कंपनीचं काढून टाकण्याचं खास टूल, आणि नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर. नेट गेल्यावर यातलं काहीच डाउनलोड करता येणार नाही.

३. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयी) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

४. आधीचं दुसऱ्या कंपनीचं सुरक्षा सॉफ्टवेअर पूर्ण काढा आणि रिस्टार्ट करा. एकाच फाइलवर किंवा पॅकेटवर दोन ड्रायव्हर टपून बसले, तर जो बग दिसेल तो कुणाचा हे सांगता येत नाही.

तिसरा मुद्दा किती महत्त्वाचा, ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. ते सॉफ्टवेअर बीटा नव्हतं आणि मशीन मुख्यतः कंपन्यांची होती. एक फाइल पुसण्याइतकाच उपाय होता, पण तिथवर पोचायला सेफ मोड (मोजक्याच ड्रायव्हरांवर विंडोज सुरू करण्याची पद्धत) लागत होता आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ती रिकव्हरी की.

नेट गेलं: पायरीपायरीने खाली उतरा

कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ चालवा. आयपी पत्ता (नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. डीएचसीपीचे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेचे, यूडीपी पोर्ट ६७ आणि ६८ अडवले गेले असण्याचा संशय घ्या. कॉम्प्युटर स्लीपमधून उठल्यावरच असं होत असेल तर तसं लिहून ठेवा. बीटा ड्रायव्हर स्लीपमधून परतताना बरेचदा इथेच अडखळतात.

पत्ता ठीक असेल तर राउटरला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते तपासा. राउटरचा पत्ता ‘डिफॉल्ट गेटवे’पुढे दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग करा. हा आकडा उत्तर देतो, पण साइट नावाने उघडत नाही, असं असेल तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा, अडलं आहे. ‘एनएसलुकअप’ने खात्री करा आणि पोर्ट ५३ चे नियम पाहा, यूडीपी आणि टीसीपी दोन्हींचे.

पिंगवर पूर्ण विसंबू नका, कारण काही फायरवॉल पिंग मुद्दाम अडवतात. पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन १.१.१.१ -पोर्ट ४४३’ चालवलं की खरी टीसीपी जोडणी होते का ते कळतं.

काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत बसतात? आधी आयपीव्ही६ कडे, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीकडे बघा (जुनी ती आयपीव्ही४). भारतातल्या अनेक जोडण्यांवर ते चालू असतं, आणि नव्या फायरवॉलचे आयपीव्ही६ चे नियम आयपीव्ही४ इतके घासूनपुसून झालेले नसतात. रन खिडकीत ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ टाइप करा, कार्डाचे प्रॉपर्टीज उघडा आणि आयपीव्ही६ ची खूण तात्पुरती काढा. साइट उघडल्या तर बग तिथेच आहे. चाचणी झाली की खूण परत लावा. हा उपाय नव्हे.

त्याच यादीत सुरक्षा कंपनीच्या नावाची ओळ दिसली, तर तो फायरवॉलचा नेटवर्क कार्डावरचा थर. फक्त तिची खूण काढून ओके करा. नेट लगेच आलं तर दोष त्या थरात आहे. नाही आलं तर फिल्टरिंग प्लॅटफॉर्मकडे वळा, कारण तिथले फिल्टर या यादीत दिसत नाहीत.

तिथे काय अडतंय हे विंडोज स्वतः सांगते. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटएसएच डब्ल्यूएफपी कॅप्चर स्टार्ट’ द्या, बिघाड घडवून आणा, आणि मिनिटाभरात शेवटचा शब्द ‘स्टॉप’ करून तीच आज्ञा द्या. प्रॉम्प्ट ज्या फोल्डरमध्ये उघडा आहे तिथे ‘डब्ल्यूएफपीडायग’ नावाची कॅब (दाबून बांधलेली) फाइल तयार होते. तिच्या आतल्या एक्सएमएल फाइलमध्ये ‘ड्रॉप’ शोधा. पॅकेट टाकून देणाऱ्या फिल्टरचा क्रमांक सापडेल. तोच क्रमांक फाइलभर शोधला की फिल्टरचं नाव मिळतं. अंदाजांच्या शंभर ओळींपेक्षा ही एक ओळ बीटा बनवणाऱ्यांना जास्त उपयोगी पडते.

सर्टिफिकेटच्या चुका

सगळ्याच सुरक्षित साइटवर ब्राउझर सर्टिफिकेटची तक्रार करत असेल, तर आधी कॉम्प्युटरची तारीख-वेळ बघा. ती बरोबर असेल तर सर्टिफिकेट उघडून ते कुणी दिलंय ते वाचा. तिथे सुरक्षा सॉफ्टवेअरचं नाव असेल, तर ते एन्क्रिप्टेड वाहतूक मधेच उघडून तपासतंय आणि त्याचं मूळ सर्टिफिकेट नीट बसलेलं नाही. एचटीटीपीएस स्कॅनिंग बंद करा. इशारा ओलांडून पुढे जाऊ नका, नेट बँकिंगला तर मुळीच नाही.

निळा पडदा किंवा मशीन सुरूच होत नाही

लॉगिनचा पडदा येत असेल तर शिफ्ट दाबून रिस्टार्ट करा. तोही येत नसेल तर सुरू होताना पॉवर बटण दाबून ठेवून दोन-तीनदा बंद करा, म्हणजे दुरुस्तीचा पडदा येतो. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि मग ४ दाबलं की सेफ मोड.

इथे लोक अडतात, कारण सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलर सेवा चालत नाही. त्यामुळे कंट्रोल पॅनेलमधून काढायला गेलात की बरेचदा चूक दाखवतं. पेन ड्राइव्हवरचं कंपनीचं टूल याच वेळेसाठी आहे. ते नसेल तर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून रिस्टोर पॉइंटवर परत जा.

ड्रायव्हरची एसवायएस फाइल हाताने पुसण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो शेवटचा मार्ग समजा. तिची रजिस्ट्रीतली नोंद मागे राहिली, तर नेटवर्क कार्ड सुरू होत नाही किंवा मशीन आणखीच खोल अडकतं. पुसण्याऐवजी फाइलचं नाव बदला, म्हणजे परतीची वाट राहील.

मशीन सुरू झालं की विंडोज फोल्डरमधल्या ‘मिनिडंप’मध्ये बघा, तिथे प्रत्येक निळ्या पडद्याची नोंद (डंप) असते. विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या टूलमध्ये ती फाइल उघडून विश्लेषणाची आज्ञा दिली की संशयित ड्रायव्हरचं नाव दिसतं. एका डंपवरून निकाल देऊ नका. तीन डंपमध्ये तेच नाव आलं तर मग दाट संशय.

हळूहळू मंदावणारं मशीन

टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘नॉन-पेज्ड पूल’चा (कर्नल आणि ड्रायव्हर वापरतात त्या मेमरीचा) आकडा दर तासाला टिपा, मधे एखादं मोठं डाउनलोड चालवा. आकडा चढतच गेला आणि डाउनलोड संपल्यावरही उतरला नाही, तर बहुधा ड्रायव्हर मेमरी घेऊन परत देत नाहीये. प्रोग्रॅम बंद करून ती सुटत नाही.

काढल्यानंतर

रिस्टार्ट करा. ॲडमिन प्रॉम्प्टमध्ये ‘एफएलटीएमसी’ चालवून फाइल तपासणाऱ्या ड्रायव्हरांच्या यादीत जुनं नाव उरलंय का पाहा. नेट अजूनही लंगडत असेल तर ‘नेटएसएच विनसॉक रिसेट’, आणि त्यानेही भागलं नाही तर सेटिंग्जमधलं ‘नेटवर्क रिसेट’. त्यात वाय-फायचे पासवर्ड आणि व्हीपीएनच्या नोंदी जाऊ शकतात, आधी टिपून घ्या. ‘बेस फिल्टरिंग इंजिन’ ही सेवा चालू असलीच पाहिजे. ती बंद असेल तर विंडोजची स्वतःची फायरवॉलही उठत नाही. शेवटी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून अँटिव्हायरस आणि फायरवॉल दोन्ही खरंच चालू झाल्यात का, ते डोळ्यांनी बघा.

बग कळवताना

‘नेट चालत नाही’ एवढंच लिहिलेली तक्रार कुणाच्याच कामाची नाही. ‘विनव्हर’मधला विंडोजचा बिल्ड क्रमांक, बीटाची पूर्ण आवृत्ती, नेटवर्क कार्डाचं मॉडेल आणि ड्रायव्हरची तारीख, बिघाड घडवायच्या पायऱ्या, दहापैकी किती वेळा घडतं, आणि घडल्याची अचूक वेळ हे सगळं लिहा. वेळ दिली की लॉगमधली नेमकी जागा सापडते. मेमरी डंप मात्र सार्वजनिक ठिकाणी टाकू नका. संपूर्ण डंपमध्ये तेव्हा मेमरीत असलेले पासवर्ड आणि उघडी कागदपत्रंही असू शकतात. तो फक्त कंपनीने दिलेल्या खासगी मार्गानेच पाठवा.