रॉकेट इंजिनातील विसंगती शोधणाऱ्या मॉडेलची पारख
रॉकेट इंजिनाच्या विदेतील विसंगती शोधणारे सांख्यिकीय मॉडेल तपासताना नोंदींची विभागणी संपूर्ण चाचण्यांनुसार करावी. एकाच चाचणीतील लगतच्या, जवळपास सारख्याच नोंदी प्रशिक्षणात आणि पडताळणीत विखुरल्या, तर मॉडेलचे गुण उगाच फुगतात. एकूण अचूकतेवर तर विसंबूच नये, कारण बिघाड इतके विरळ असतात की सदैव ‘सारे आलबेल’ म्हणणारे मॉडेलही 99 टक्क्यांवर जाऊ शकते. त्याऐवजी, टर्बोपंपाचे (ज्वलनकक्षात इंधन वेगाने ढकलणाऱ्या पंपाचे) कंपन किंवा ज्वलनकक्षातील दाब धोक्याची मर्यादा ओलांडण्याच्या किती मिलिसेकंद आधी इशारा मिळाला आणि किती निर्दोष चाचण्यांत तो विनाकारण वाजला, हे पाहावे. इंजिन सुरू व बंद होतानाच्या नोंदींचे मूल्यमापन स्थिर टप्प्यापासून वेगळे करावे. इंजिन सुरू-बंद होताना दाब झपाट्याने बदलणे स्वाभाविकच असते.