कॉर्नरमध्ये उभं राहताना या चुका टाळा

परवा एका जिल्हा बॉक्सिंग स्पर्धेत पुन्हा तेच पाहिलं. शाळेचं मैदान, वर मांडव, मधोमध रिंग. लाल कॉर्नरमध्ये स्टुलावर एक पोरगं धापा टाकतंय आणि तिघं जण एकाच वेळी त्याच्या तोंडावर ओरडतायत. पोरगं सगळ्यांना मान हलवतंय. तिथे बसलेला पोरगा कशालाही मान हलवतो. त्याला गॅसचा नंबर लावायला सांगितलात तरी हलवेल.

पोरांच्या चुका सगळे मोजतात: गार्ड (तोंडापुढे धरलेले हात) पडतो, हनुवटी वर जाते. आपल्या, म्हणजे कोचांच्या, मोजायला कुणी बसत नाही, म्हणून आज आपल्याच.

मिनिटभरात महिन्याचं कोचिंग

दोन राउंडच्या मध्ये 60 सेकंद मिळतात. पोरगं येऊन टेकेपर्यंत पाच-सात जातात. शेवटची दहा गमशील्ड (दातांवरचं रबरी कवच) बसवून, स्टूल उचलून खाली उतरण्यात जातात. उरली चाळीस-पंचेचाळीस, आणि त्यातली पहिली वीस त्याच्या श्वासाची. म्हणजे तुमच्या वाट्याला आली वीस-पंचवीस सेकंद.

हे मला शहाणपणानं कळलेलं नाही, फजितीनं कळलं. ज्युनिअर गटातला पोरगा, पहिला राउंड थोडक्यात गेलेला. तो बसायच्या आत मी सुरू झालो. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) वाढव, अंतर ठेव, त्याचा उजवा हात बघ, बॉडीला मार, दोरीला टेकू नको. कॉर्नरमधल्या माझ्या जोडीदारानं आणखी दोन घातल्या. मागून वडील ‘घुस, घुस!’ करत होते. ‘सेकंड्स आउट’ (कॉर्नरवाल्यांनो, उतरा) झालं, आम्ही धडपडत उतरलो, बेल वाजली, पोरगा पुढे गेला आणि रेफ्रीनं हात आडवा करून त्याला परत पाठवलं. तोंडात गमशील्डच नव्हतं. ते माझ्या पँटच्या खिशात, रुमालाला चिकटलेलं. अख्खा मांडव हसला. पोराचा चेहरा पडला तो पडलाच, दुसरा राउंड तिथेच गेला.

बाउट (लढत) हरल्यावर त्याला बाजूला घेऊन विचारलं, ‘मी तुला काय काय सांगितलं होतं?’ बिचाऱ्यानं खूप आठवून पाहिलं. म्हणाला, ‘सर, तुम्ही पाणी थोडंच पी म्हणालात.’

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. पोरगा बसला की गमशील्ड काढून धुतो आणि साबणाच्या डबीत ठेवतो. डबी शर्टाच्या खिशात, रोज तिथेच. मग त्याच्या शॉर्ट्सचं इलास्टिक पुढे ओढून धरतो, पोट मोकळं होतं. एक गुळणी, एक घोट. तोवर मी गप्प. जोडीदारही गप्प, त्याला हे स्पर्धेच्या आदल्या दिवशीच बजावलेलं असतं. पोरगा तोंड मिटून नाकानं श्वास घ्यायला लागला की एकच गोष्ट सांगतो, तीही ‘कर’ अशीच. ‘हात खाली सोडू नको’ नाही, ‘जॅब मारला की मूठ गालाला’. मग त्याच्याकडून तेच वदवून घेतो. वदला नाही तर पुन्हा तेच सांगतो, नवीन काही नाही.

आदल्या रात्री वजन उतरवणं

ज्युनिअरमध्ये 50 आणि 52 किलोच्या गटांत दोनच किलोंचं अंतर आहे. एवढ्यासाठी पंधरा वर्षांच्या पोराला रेनकोट घालून पळवणारे, दिवसभर थुंकायला लावणारे कोच मी पाहिलेत. टोकलं की उत्तर तयार: मेरी कोमनं 2018 मध्ये पोलंडला चार तासांत दोन किलो उतरवले होते. अहो, ती तेव्हा पाच वेळची विश्वविजेती होती! तुमचं पोरगं परवापर्यंत दोरीउड्या मारताना पायात दोरी अडकवत होतं.

त्या रात्री उतरतं ते पाणी, चरबी नाही. सकाळी काट्यावर आकडा बरोबर येतो, सगळे टाळ्या देतात. मग पोरगं बाहेरच्या गाड्यावर दोन प्लेट मिसळ आणि थंड पेय चापतं, आणि दुपारी दुसऱ्या राउंडला त्याचे पाय लाकडाचे होतात. शिवाय सुकलेल्या शरीरानं डोक्यावर मार खाणं जास्त धोक्याचं, हे डॉक्टर कितीदा सांगतात. आणि एकदा वजन भरलं म्हणजे संपलं असंही नाही. ज्या दिवशी बाउट त्या दिवशी पुन्हा काटा. जिंकत गेलात तर रोज उपाशी ठेवणार का त्याला?

माझ्याकडे साधी वही आहे. स्पर्धेआधी तीन आठवडे रोज सकाळी, त्याच काट्यावर, शौचाला जाऊन आल्यावर वजन. शेवटच्या आठवड्यात एक किलोपेक्षा जास्त वर असेल तर वरच्या गटात नाव. वरच्या गटात हरला तर हरला. वजन दिल्यावर केळं, पेज किंवा मऊ भात, आणि घोटघोट पाणी. मिसळ बाउटनंतर, माझ्याकडून.

जुनं गणित

2013 पासून 10 गुणांची पद्धत (राउंड जिंकणाऱ्याला 10, दुसऱ्याला कमी) आली, तरी काही जुनी मंडळी अजून ‘टच कर आणि पळ’ ओरडतात. बटण दाबून ठोसे मोजायचे तो जमाना गेला. आता पाच पंच प्रत्येक राउंड वेगळा देतात. पहिल्यात थोडी आघाडी घेऊन पुढे पळत राहिलात तर उरलेले दोन्ही जातील.

बाकीच्या पटापट. नवे बूट स्पर्धेच्या दिवशी घालू नका. लाल गमशील्ड घेऊ नका, नियमात बसत नाही. रक्त आलं तर कळायचं कसं? बँडेज बांधल्यावर मूठ वळवून दाखवायला सांगा, बोटं पांढरी पडली तर सोडून पुन्हा बांधा. आपल्या आधी तीन बाउट उरल्या की वॉर्मअप सुरू करा, सकाळी आठला घाम काढून दुपारी दोनपर्यंत गार बसवू नका. मेडिकल बुक आणि जन्मदाखला पिशवीत तुम्ही ठेवा, पोराच्या भरवशावर नको. वडिलांना कॉर्नरपासून लांब बसवा, वाईट वाटलं तरी.

डोक्याला लागल्यावर ‘काही नाही, बरा आहे’

यावर मला विनोद सुचत नाही. डोक्यावरच्या माराने बाउट थांबली तर किमान 30 दिवस स्पर्धा नाही आणि स्पारिंगही (सरावाची लढत) नाही, असा नियम आहे. गावपातळीवर तो सर्रास मोडला जातो, कारण शेजारच्या तालुक्यात त्याची नोंद कोण बघतो?

माझ्याच एका पोराची बाउट अशी थांबली. मी टॉवेल टाकून ती थांबवायला दोन ठोसे उशीर केला होता, ते अजून खातं मला. आठवड्यानं वडील आले. पलीकडे रोख बक्षिसाची स्पर्धा होती, पोरगा ठणठणीत आहे म्हणाले. पोराला विचारलं, डोकं दुखतं का? त्यानं आधी वडिलांकडे पाहिलं, मग ‘नाही’ म्हणाला. मी नाव द्यायला नकार दिला.

सोमवारी हॉलवर त्याची दोरी खुंटीला होती, तो आला नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी कॉर्नरमधून खेळला म्हणे. दोरी अजून तिथेच आहे.