पलंग सरकवण्याआधी कागद अंथरून जागा ठरवा

फेंगशुई या घराच्या मांडणीच्या चिनी पद्धतीनुसार शयनगृह मांडायला घेतले की योग्य जागा सापडेपर्यंत जड पलंग तीन-चार वेळा सरकवावा लागतो आणि त्यात फरशीवर ओरखडे पडतात ते वेगळेच. जुन्या वर्तमानपत्रांनी हा सगळा त्रास वाचतो.

१. पलंगाची लांबी-रुंदी मोजून तेवढ्याच मापाचे कागद चिकटपट्टीने जोडून घ्यावेत. मोठ्या दुहेरी पलंगाची गादी बहुधा ७२ बाय ७५ किंवा ७२ बाय ७८ इंचांची असते.

२. झोपल्या जागेवरून दार दिसेल, परंतु पाय थेट दाराच्या रेषेत येणार नाहीत आणि उशाशी खिडकीऐवजी भक्कम भिंत असेल, अशी जागा फेंगशुईत उत्तम मानली जाते. चौकोनी खोलीत ती बहुतेकदा दारापासून तिरप्या कोपऱ्याकडे सापडते. कागद तेथे अंथरून त्यावर स्वतः आडवे होऊन पाहावे. ही पायरी कृपया वगळू नये, कारण उभ्याने स्वच्छ दिसणारे दार आडवे झाल्यावर कपाटाच्या कडेआड जाते, हे मी स्वतः दोनदा अनुभवले आहे.

३. कपाटाची दारे व खण पूर्ण उघडून पाहावेत. पलंगाच्या दोन्ही बाजूंना निदान दोन फूट वाट राहावी.

दार दिसेल अशी जागा मिळतच नसेल, तर बाजूच्या भिंतीवर लहान आरसा लावून ते दिसेल असे करता येते. तो आरसा मात्र उशाच्या वर कधीही टांगू नये, कारण खिळा सैल झाल्यास तो थेट डोक्यावर पडतो.