मायनिंग मशीनच्या गरम हवेवर वाळवणाचं कपाट: खानदेशातल्या घरासाठी

बिटकॉइन मायनिंगचं मशीन, म्हणजे बिटकॉइन या डिजिटल नाण्याच्या बदल्यात अखंड आकडेमोड करणारा संगणक, हा मुळात एक हिटर. ९०० वॅट वीज आत गेली की ९०० वॅट उष्णता बाहेर पडते, कारण आकडेमोड करताना वीज कुठे साठून राहत नाही. वर जी नाणी मिळतात ती वरकड. तेव्हा हे मशीन घरात आणण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: ही उष्णता मिळवायला आपण नाही तरी वीज जाळलीच असती का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

खानदेशात हे उत्तर वर्षभर ‘हो’ येत नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि बहुतेक मशीनच्या कागदावर भोवतालच्या हवेची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला मशीन बंदच ठेवायचं. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, कुरडया, पापड फुकटात वाळतात, तिथे मशीनचं काही काम नाही. ते लागतं जून ते सप्टेंबर, कपडे चार-चार दिवस ओले राहतात तेव्हा. ऐन मिरचीच्या हंगामात अवकाळी पाऊस येऊन नंदुरबारकडच्या पथाऱ्या (मिरची वाळत घालायच्या मोकळ्या जागा) झाकायची वेळ येते तेव्हाही लागतं. आणि धुळ्याची डिसेंबर-जानेवारीतली थंडी असतेच. म्हणून इथे मुख्यतः वाळवणाच्या कपाटाची कृती दिली आहे. अंघोळीच्या पाण्याबद्दल शेवटी थोडं येईल.

या हवेने स्वयंपाक मात्र होणार नाही. मशीनमधून फार तर ५०-६० अंशांची हवा मिळते. वाळवायला ती उत्तम, शिजवायला निकामी.

मशीन कोणतं घ्यायचं

घरगुती कामाला जुनं अँटमायनर एस-९ पुरतं. पूर्ण वेगात ते १३००-१४०० वॅट खातं आणि आवाज ७५ डेसिबलच्या आसपास, म्हणजे बैठकीच्या खोलीत बसणं अशक्य. पण त्याच्यात ब्रेन्स ओएससारखं फर्मवेअर, म्हणजे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलं की वॅटची मर्यादा ठरवून देता येते. ती ९०० वर आणा. पंखे हळू फिरतात, आवाज बराच उतरतो, चिपचं आयुष्य वाढतं आणि तेवढ्याच विजेत काम थोडं जास्त होतं. नवी एस-१९ जातीची मशीनं तेवढ्याच विजेत अडीच-तीनपट काम करतात, पण पूर्ण वेगात सव्वातीन किलोवॅट मागतात. घरातल्या वायरिंगला ते झेपेलच असं नाही.

ग्राफिक कार्डांचे जुने सांगाडे स्वस्तात कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. ते ज्यासाठी वापरायचे ते इथेरियम या दुसऱ्या नाण्याचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्येच बंद झालं.

आधी वीज

कपाटाला हात लावण्याआधी वायरमन बोलवा. ९०० वॅट म्हणजे ४ अँपिअर, दिसायला किरकोळ. पण मिक्सर दोन मिनिटं चालतो, हे बारा-बारा तास चालतं, आणि ६ अँपिअरच्या जुन्या सॉकेटच्या पाती सैल असतील तर तिथेच प्लास्टिक वितळतं. मेन बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) एवढं हवंच. अर्थिंग तपासून घ्या. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालत राहावं लागतं, हे बहुतेक घरांत विसरलेलं असतं.

एस-९ चा पॉवर सप्लाय २०० ते २४० व्होल्टवर नीट चालतो. संध्याकाळी व्होल्टेज १८० ला येणाऱ्या गावात स्टॅबिलायझर लागेल. तोही वीज आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मग लाइन देणारा घ्या, कारण वीज परत येते तो क्षण मशीनला सगळ्यात जड जातो.

आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर हे चालवायचं नाही. वीज ज्या कामासाठी दिली त्याहून वेगळ्या कामाला वापरणं वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये बसतं, आकारणी दुपटीने होते.

कपाट

जुनं लोखंडी कपाट घ्या, साधारण ६ फूट उंच, अडीच फूट रुंद, दीड फूट खोल. आतल्या फळ्या काढून टाका. तळाशी एका बाजूला ६ इंची डक्ट बसेल असं भोक पत्रेवाल्याकडून पाडून घ्या आणि वर विरुद्ध बाजूला बाहेर पडायची जागा ठेवा. ६ इंची भोकाचं क्षेत्रफळ सुमारे १८० चौरस सेंटिमीटर होतं. वरचं तोंड त्याहून मोठं, २०० ते २५० चौरस सेंटिमीटर असू द्या. इथे हात आखडला तर दमट हवा आतच कोंडते आणि मशीनचे पंखे उगाच ओरडतात.

तळाचे ८-१० इंच मोकळे सोडा म्हणजे हवा पसरेल. त्याच्या वर ६ ट्रे, दोन ट्रेंमध्ये ४ इंच अंतर. चौकट लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची, जाळी स्टीलची किंवा खाण्याला चालेल अशा नायलॉनची. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी मिरची-मिठाला नको. एक ट्रे मागे सरकवून पुढे ३ इंच फट, पुढचा ट्रे पुढे ओढून मागे ३ इंच फट, अशी आळीपाळी ठेवली की हवा नागमोडी चढते आणि प्रत्येक ट्रेवरून जाते. सरळ चढू दिली तर ती कडेकडेने निसटते, मधलं ओलंच राहतं.

उघडा पत्रा उष्णता किती खातो याचा अंदाज सहसा येत नाही. एवढ्या कपाटाचा पृष्ठभाग ५ चौरस मीटर भरतो. आतली हवा बाहेरच्यापेक्षा १५ अंशांनी गरम असली तर साडेतीनशे वॅटच्या वर उष्णता नुसती पत्र्यातून जाते, म्हणजे मशीनच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. बाहेरून एक इंच रॉकवूल (न पेटणारी खनिज लोकर) लावून वर पातळ पत्रा मारला की हे नुकसान शंभर वॅटच्या आत येतं. थर्मोकोल स्वस्त पडतो, पण पेट घेतो. तो वापरू नका.

मशीन जोडणं

मशीन कपाटाच्या बाहेरच राहतं. हवा बाहेरून मशीनमध्ये, मशीनमधून कपाटात, कपाटातून घराबाहेर असा एकेरी रस्ता. कपाटातली गरम हवा पुन्हा मशीनला देऊन वीज वाचवायचा मोह होतो. ती हवा ओली असते, तिच्यात मिरचीची धूळ आणि पापडखाराचा अंश असतो. पावसाळ्याभरात बोर्डांवर हिरवट बुरशीसारखा गंज दिसू लागेल.

हवा कोणत्या बाजूने बाहेर पडते हे मशीन चालू करून कागदाची पट्टी धरून पाहा. ज्या बाजूला पट्टी उडते तिथे डक्ट, ज्या बाजूला चिकटते तिथे गाळणी. पंखा १२० मिलिमीटरचा, डक्ट ६ इंची, म्हणून मध्ये चौकोनाचा गोल करणारा पत्र्याचा नरसाळ्यासारखा तुकडा लागतो. कूलरचं काम करणारा कारागीर तो अर्ध्या तासात वाकवून देतो. डक्ट ४ इंची करू नका, वळणं दोनपेक्षा जास्त नकोत.

मशीन आणि कपाट यांच्यामध्ये ‘टी’ जोडून एका फाट्यावर झडप बसवा. तापमान आवरायचं ते या झडपेने. थर्मोस्टॅट लावून मशीनच चालू-बंद करत राहिलं तर चिपखालचं सोल्डर तापून-थंड होऊन तडकतं. झडपेचा फाटा खिडकीबाहेर सोडा; थंडीत तोच खोलीत वळवला की शेगडीची गरज उरत नाही.

आत येणाऱ्या हवेला दोन गाळण्या: बाहेर मच्छरजाळी, आत धुता येणारा फोम. कापूस वेचणीच्या दिवसांत हवेतले तंतू फोमवर आठ दिवसांत गादीसारखे जमतात. फोम चोंदला की आधी पंखे वाढतात, मग बोर्डाचं तापमान ८० च्या वर सरकतं, मग मशीन स्वतः बंद होतं. मशीन बंद असताना दोन्ही तोंडांना जाळी हवीच. ऊब शोधत पाल आत जाते आणि चालू करताना शॉर्ट होतो.

पहिले दोन दिवस

जुन्या मशीनमध्ये आधीच्या मालकाची धूळ असते. ब्लोअरने ती बाहेर मोकळ्यावर उडवा, उडवताना पंखा बोटाने धरून ठेवा. मग कपाट रिकामं ठेवून ८-१० तास चालवा. वास येतोय तोवर आत खायचा पदार्थ ठेवायचा नाही, फक्त कपडे. कधी बोर्ड जळाला तर धूर थेट ट्रेवर येतो. तो घाणा फेकूनच द्यायचा, ऊन दाखवून वाचवायच्या भानगडीत पडू नका. कपाटाच्या वर छताला एक स्मोक डिटेक्टर लावा.

आता वाळवण

मशीन तासाला साधारण १५० घनमीटर हवा ढकलतं. ९०० वॅटमध्ये ती १९-२० अंशांनी तापते. पावसाळ्यात बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के दमटपणा असेल तर तीच हवा ४७ अंशांवर जाऊन तिचा दमटपणा ३० टक्क्यांवर येतो. वाळवण होतं ते या ३० टक्क्यांमुळे. हिशेबाने तासाला सव्वा किलो पाणी उडायला हवं. प्रत्यक्षात ४०० ते ५०० ग्रॅम धरा.

वॉशिंग मशीनमध्ये पिळून काढलेले ५ किलो कपडे, म्हणजे सुमारे अडीच किलो पाणी, पाच-सहा तासांत कोरडे. गोधडी ट्रेवर पसरू नका, ती हवाच अडवते. वरचे ट्रे काढून दांडीवर टांगा आणि दोन्ही बाजूंना वितीभर जागा सोडा.

१० किलो ओली लाल मिरची वाळून पावणेतीन किलोच्या आसपास येते, म्हणजे सात किलो पाणी काढायचं. मिरचीची साल मेणचट, म्हणून दीड ते दोन दिवस लागतात. ५० अंशांच्या आसपास ठेवा, दर सहा तासांनी खालचा ट्रे वर आणि वरचा खाली. देठ काढून टाकले तर फोडलेल्या जागेतून लवकर वाळते, पण टिकते कमी. हे घरापुरतं आहे. पथारीच्या मालाला ते पुरं पडणार नाही.

कुरडया-बिबड्यांची गोष्ट उलटी आहे, तिथे घाई नडते. सुरुवातीलाच ४८-५० अंश दिले तर वरची कड आवळते, आत ओल राहते आणि बिबडा मधोमध चिरतो. पहिले दोन तास झडप अर्धी उघडी ठेवून ३८-४०, मग हळूहळू वर. मोडून पाहा: ‘टक्’ आवाज आला तर झालं, वाकला तर अजून चार तास. कढीपत्ता, मेथी ४० च्या वर नेऊ नका, रंग जातो.

अंघोळीचं पाणी

मशीनच्या गरम हवेत छोटा रेडिएटर ठेवून पंपाने पाणी फिरवलं तर पाणी ४०-४२ अंशांपर्यंत चढतं. पाच बादल्या, म्हणजे १०० लिटर पाणी १८ वरून ४० वर न्यायला अडीच युनिट लागतात. ९०० वॅटपैकी साठ टक्के उष्णता पाण्यात उतरली तर पावणेपाच तास. म्हणजे रात्री बाराला चालू केलं तर पाचच्या आत टाकी तयार. गाडीचा जुना रेडिएटर वापरणार असाल तर त्यात कूलंटचा अंश राहतो, तो विषारी आहे. रेडिएटरचं पाणी बंद फेऱ्यात ठेवा आणि टाकीत तांब्याची कॉइल सोडा. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार चढतात, महिन्याला ती व्हिनेगरने धुवा. कोमट पाणी टाकीत दोन-दोन दिवस साठवू नका, त्यात जंतू वाढतात. तरी गच्चीवर सोलर वॉटर हीटर असेल तर या खटाटोपात पडण्याचं कारण नाही.

हिशेब

एप्रिल २०२४ नंतर दर ब्लॉकला, म्हणजे साधारण दहा मिनिटांनी नोंदल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या एकेका गठ्ठ्याला, जगभरात मिळून ३.१२५ बिटकॉइन मिळतात, दिवसाला सुमारे ४५०. जगभरातल्या मशीनांचा एकूण वेग १,००० एक्साहॅश धरला आणि आपला १० टेराहॅश (ही सेकंदाला किती आकडेमोडी याची मापं, १ एक्साहॅश म्हणजे १० लाख टेराहॅश), तर दिवसभर चालवून आपल्या वाट्याला ४५० सातोशी (एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) येतात. बिटकॉइन ८० लाख रुपयांना धरला तर ३६ रुपये. वीज लागते २१.६ युनिट, वरच्या स्लॅबमध्ये सगळे आकार धरून युनिट १५ रुपयांना पडलं तर ३२४ रुपये. म्हणजे नवव्या हिश्श्याएवढे परत आले. कमाईसाठी हे करू नये हे यावरून दिसतंच. वाळवणाला हिटर लावायचाच होता, त्यात तेवढी सूट. छतावरच्या सोलरचे युनिट वर्षअखेरीस पडून राहत असतील तर गणित सुधारतं, पण पावसाळ्यात सोलरही मंदावतं.

पूल (अनेकांची मशीनं एकत्र जोडून कमाई वाटून देणारी सेवा) निवडताना कमीत कमी किती रकमेला पैसे सोडतात ते पाहा. एक लाख सातोशीची अट असली तर सात महिने काही हाती येणार नाही. लायटनिंगवर (बिटकॉइनच्या छोट्या रकमा झटपट पाठवायच्या जाळ्यावर) छोट्या रकमा देणारा पूल बरा. क्रिप्टोच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे, वर उपकर, शिवाय विक्रीवर १ टक्का टीडीएस. मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च त्यातून वजा होत नाही.

उन्हाळ्यात ठेवताना

होळीनंतर दुपारची हवा ३८ च्या वर गेली की थांबायची वेळ झाली. ब्लोअर मारा, फोम धुऊन वाळवा, मशीन सिलिका जेलच्या चार पुड्यांसह जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. धाब्यावरच्या पत्र्याच्या खोलीत नको. तिथे दुपारी पन्नाशी गाठते आणि पंख्यांचं वंगण सुकतं. मृग लागला की पिशवी सोडा, पंखे हाताने फिरवून पाहा, आणि पहिला घाणा कपड्यांचा.