शिकागोचा हिवाळा आणि घरातले पाइप: या चुका टाळा

जानेवारीत रात्री उशिरा माझा फोन वाजला, की तो बहुधा पाण्याबद्दलच असतो. शिकागोच्या पश्चिम उपनगरात आम्हाला अठरा वर्षं झाली. आपल्या मंडळींपैकी कुणाच्या नळाचं पाणी गोठलं किंवा बेसमेंटमध्ये पाणी साचलं, की आधी मला विचारतात. दर वर्षी चुका त्याच. घरं बदलतात, माणसं बदलतात, चुका तेवढ्या बदलत नाहीत.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे मेन व्हॉल्व्ह, म्हणजे घरात येणारं सगळं पाणी बंद करणारी चावी, उघडा ठेवून भारतात जाणं. तीन-चार आठवडे घर बंद राहणार, मग रिकामं घर कशाला तापवायचं, म्हणून थर्मोस्टॅट 50 फॅरनहाइटवर, म्हणजे 10 सेल्सिअसवर आणून ठेवतात. पण ते 50 अंश असतात हॉलच्या भिंतीवर, जिथे थर्मोस्टॅट लावलाय तिथे. गॅरेजच्या वर जे बाथरूम असतं, त्याच्या जमिनीखालून जाणाऱ्या पाइपपर्यंत ती ऊब पोचत नाही.

2019 च्या जानेवारीत आमच्या ओळखीचे एक काका-काकू वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाला पुण्याला गेले होते. किल्ली माझ्याकडे. 30 जानेवारीला ओ'हेअर विमानतळावर पारा उणे 23 फॅरनहाइटपर्यंत उतरला, म्हणजे उणे 31 सेल्सिअसच्या आसपास. त्या दिवशी त्यांच्या घरात काहीच झालं नाही. थंडी ओसरली आणि मग शेजाऱ्यांचा फोन आला, गॅरेजच्या दाराखालून पाणी वाहतंय म्हणून. हे नेहमी असंच होतं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो आणि पाइप तिथे फाटतो. पण बोळा जागेवर असेपर्यंत गळती दिसत नाही. तो वितळला की पाणी मोकाट सुटतं.

मी धावत बेसमेंटमध्ये गेलो. वॉटर मीटरपाशी गोल चाकाचा जुना गेट व्हॉल्व्ह होता, घर बांधल्यापासून कुणी हात न लावलेला. चाक फिरत होतं, पाणी थांबत नव्हतं. आतली दांडी तुटलेली. गावाच्या पाणीखात्याच्या तातडीच्या नंबरवर फोन केला. त्यांचा माणूस लांब दांड्याची किल्ली घेऊन आला आणि त्याने अंगणातल्या झाकणाखालचा व्हॉल्व्ह, इकडे ज्याला बी-बॉक्स म्हणतात तो, बंद केला. तोवर पाऊण तास वरून धार लागलेली. गॅरेजचं सीलिंग ओल्या पुठ्ठ्यासारखं खाली आलं होतं. तांब्याच्या अर्ध्या इंची पाइपला चीर गेली होती फक्त माझ्या करंगळीएवढी, कडा बाहेर वळलेल्या, माशाच्या तोंडासारख्या. शेजारच्या खोलीत जमिनीवर ठेवलेल्या पेटीत काकूंच्या आईची पैठणी होती. ती मी रात्री शॉवरच्या दांडीवर पसरून ठेवली, पण काठाचा रंग अंगात उतरला होता. काकूंना फोनवर ते सांगणं मला फार जड गेलं.

एवढं नुकसान थंडीने झालं नाही. ते वाहत राहिलेल्या पाण्याने झालं. मेन बंद असता तर पाइपमध्ये होतं तेवढं पाणी सांडून विषय संपला असता.

म्हणून दोन रात्रींपेक्षा जास्त बाहेर जायचं असेल तर मी मेन बंद करतो. मग वरच्या मजल्यावरचा एक नळ आणि बेसमेंटमधल्या सिंकचा नळ उघडून पाइप रिकामे होऊ देतो, सगळे फ्लश ओढतो. थर्मोस्टॅट 55 फॅरनहाइटच्या खाली कधीच नेत नाही, म्हणजे साधारण 13 सेल्सिअस. गॅसच्या बिलात वाचतील त्या पैशांत ड्रायवॉलची, म्हणजे इकडच्या जिप्समच्या पत्र्यांच्या भिंतींची, एक खोलीही दुरुस्त होत नाही. शिवाय बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये अट असते की बंद घरात हीटिंग चालू ठेवलेलं हवं, नाहीतर पाणी तोडून पाइप रिकामे केलेले हवेत. निघण्याआधी आपली पॉलिसी वाचा. गेट व्हॉल्व्ह असेल तर प्लंबरकडून बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. त्याचा दांडा पाइपच्या रेषेत असला की चालू, आडवा असला की बंद, दहा वर्षांच्या मुलालाही कळतं. इकडे वर्षातून दोनदा घड्याळं तासभर पुढे-मागे करतात, त्या दोन्ही रविवारी मी तो एकदा बंद-चालू करून बघतो.

दुसरी चूक शरद ऋतूतली, पण कळते एप्रिलमध्ये: अंगणातल्या नळाला बागेची नळी तशीच लावून ठेवणं. "आमचा नळ फ्रॉस्ट-फ्री आहे" हे मी इतक्यांदा ऐकलंय! अहो, त्या नळात पाणी अडवणारा भाग भिंतीच्या आत, घराच्या उबेत असतो आणि नळ बंद केल्यावर पुढच्या नळकांड्यातलं पाणी बाहेर निथळून जातं, म्हणून तो गोठत नाही. नळी लावलेली असली की निथळायला वाटच नाही. नळकांडं भिंतीच्या आत फुटतं. हिवाळाभर पत्ता लागत नाही, कारण नळ बंद असतो. वसंतात तुळशीला पाणी घालायला नळ सोडला की निम्मं पाणी बाहेर आणि निम्मं भिंतीतून बेसमेंटच्या कार्पेटवर. कोजागिरीला दूध आटवायला ठेवलं की मी बाहेर जाऊन नळी काढतो. कोजागिरी विसरत नाही, म्हणून नळीही विसरत नाही.

गोठलेला पाइप वितळवताना होणारी घाई तर मला बघवत नाही. ब्लो टॉर्च आणू नका. लाकडी सांगाड्याच्या भिंतीत ज्योत नेऊन घरं पेटलेली आहेत. उकळतं पाणी ओतून कपाट भिजवू नका. नळ उघडा ठेवा, हेअर ड्रायर घ्या आणि नळाच्या टोकाकडून सुरुवात करून गोठलेल्या भागाकडे सरका. म्हणजे वितळलेल्या पाण्याला आणि वाफेला बाहेर पडायला वाट राहते. तास लागेल, कदाचित दोन. त्या वेळात घरातलं एक माणूस मेन व्हॉल्व्हपाशी उभं ठेवा, कारण आत चीर असेल तर ती बर्फ वितळल्यावरच बोलणार. पंधरा मिनिटांत कंटाळून "आता उद्या बघू" म्हणणारे पुष्कळ भेटतात. उद्या बघायला ओलं बेसमेंट असतं.

कडक थंडीच्या रात्री पाइप फुटू नयेत म्हणून नळ ठिबकत ठेवताना लोक फक्त गरम किंवा फक्त गार पाणी सोडतात. पाइप दोन आहेत, दोन्ही सोडा, घरातल्या, पण बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या नळाचं, पेन्सिलीच्या शिशाएवढी धार. पाणी हलतं राहणं हा फायदा आहेच, पण मोठा फायदा दाब सुटण्याचा. बाहेर 20 फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे उणे 7 सेल्सिअसच्या खाली जाणार असेल त्या रात्री मी हे करतो आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवतो. लहान मूल असेल तर आधी तिथली ड्रेन क्लीनरची बाटली वर ठेवा.

पाइपला फोम गुंडाळला म्हणजे काम झालं असं नाही. फोम ऊब धरतो, तयार करत नाही. बाहेरच्या भिंतीत इन्सुलेशन पाइपच्या बाहेरच्या अंगाला हवं. आतल्या अंगाला कोंबलंत तर घराची ऊब पाइपपासून तोडलीत.

हीट टेप, म्हणजे पाइप गरम ठेवणारी विजेची पट्टी, स्वतःवरच गुंडाळू नका, म्हणजे एक वेढा दुसऱ्यावर येऊ देऊ नका, आग लागू शकते.

गॅरेजमध्ये पाइप असतील तर गॅरेजचं दार उघडं सोडू नका.

संप पंपाचा, म्हणजे बेसमेंटच्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा, बाहेरचा पाइप बर्फाने बुजलाय का, हे फावडं मारतानाच बघा.

आणि गावाच्या पाणीखात्याचा तातडीचा नंबर मोबाइलमध्ये तर ठेवाच, पण कागदावर लिहून मीटरजवळ चिकटवा. काका-काकूंकडे तो मला टॉर्चच्या उजेडात, घोटाभर पाण्यात उभं राहून शोधावा लागला होता.