जोखीम बघून लॉगिन: चालू करण्याआधीची तयारी

निपाणी, खानापूर आणि हद्दीपलीकडे चंदगडला शाखा असलेल्या पतसंस्थेत जोखीम बघून लॉगिन देणारी व्यवस्था (ठिकाण, यंत्र आणि काम बघून गुण देणारी, आणि त्यावरून आत सोडणारी, पुन्हा ओळख मागणारी किंवा अडवणारी) बसवायची, तर आधी ठिकाणाच्या नियमाकडे बघा, आपल्याकडे घोळ तिथेच होणार. शिनोळीच्या बाजूला मोबाईल कधी कर्नाटकातला टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्रातला. त्यात मोबाईल डेटाच्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, दिसणारं ठिकाण बहुतेकदा कंपनीचं इंटरनेट जिथून बाहेर पडतं ते शहर असतं. माणूस खानापुरातच, नोंद मात्र सकाळी बेंगळुरूची आणि तासाभराने मुंबईची! ‘एवढ्या वेळात एवढा प्रवास अशक्य’ हा तयार नियम जसाच्या तसा लावलात, तर काउंटरवरचीच माणसं बाहेर राहतील. शाखांच्या ब्रॉडबँडला स्थिर आयपी घेऊन ते ओळखीचे म्हणून नोंदवा, बाकी ठिकाणाला गुण कमी द्या आणि भर यंत्रावर ठेवा.

त्यासाठी प्रत्येक पीसी-लॅपटॉपची यादी लागेल: कोणाच्या ताब्यात, अपडेट आहे का, डिस्क एन्क्रिप्ट (चोरीला गेली तरी वाचता येणार नाही अशी) केलीय का. काम कंटाळवाणं आहे खरं, पण त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

शिल्लक बघणं आणि खातेदाराचा मोबाईल नंबर बदलणं एका मापाने मोजू नका. पहिल्याला साधं लॉगिन पुरे. दुसऱ्याला यंत्र ओळखीचं असलं तरी पुन्हा ओळख मागा, आणि ती एसएमएसवर नको. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात रेंजचा भरवसा नसतो, शिवाय डुप्लिकेट सिम काढून ओटीपी पळवणारे आहेतच. त्याऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप, म्हणजे फोनमध्येच कोड तयार करणारं अ‍ॅप, वापरा; त्याचा कोड रेंजशिवाय चालतो. तो साधारण दर 30 सेकंदांनी बदलतो, म्हणून फोनचं घड्याळ बरोबर हवं. पण हा कोडही खोट्या पानावर टाकला जाऊ शकतो, तेव्हा पैसे मंजूर करणाऱ्यांना यूएसबीची सुरक्षा-की (संगणकाला लावायची छोटी किल्ली, ती खोट्या पानाला ओळख देत नाही) द्याच.

सुरुवातीला नियम फक्त नोंद करतील, अडवणार नाहीत, असे ठेवा. त्या काळात एक महिनाअखेर आलीच पाहिजे. एरवी संशयास्पद वाटणारं रात्री नऊचं लॉगिन त्या दिवशी रोजचंच असतं. नियमांनी सगळेच अडकले तर आत शिरता यावं म्हणून आणीबाणीची दोन लॉगिन खाती वेगळी काढून त्यांचे पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार 180 दिवसांचे लॉग (संगणकातल्या नोंदी) ठेवावे लागतात, सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत त्यांना कळवावी लागते. ते कोण करणार, त्याचं नाव आधीच ठरवा.

अडवल्याचा संदेश मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा, खाली मदतीचा नंबर द्या. तो फोन उचलणारा बाजाराच्या दिवशी रजेवर नको.