रात्रपाळी, अपुरी झोप आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या: पुरुषांनी या चुका टाळाव्यात

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून सकाळी घरी परतणारा आणि कूलरच्या घरघरीत दुपारी जेमतेम चार तास झोपणारा तरुण, वीर्यतपासणीच्या रिपोर्टमध्ये शुक्राणूंचा काउंट कमी आला म्हणून औषधाच्या दुकानातून व्हिटॅमिन ई ४०० ची पट्टी परस्पर घेतो, तेव्हा पहिली चूक झालेली असते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन मुख्यतः झोपेत वाढते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिल्यावर त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटले. ही घट कॅप्सूलने भरून निघत नाही.

शुक्राणूच्या आवरणातील स्निग्धाम्ले ऑक्सिडीकरणाला लवकर बळी पडतात. ई जीवनसत्त्व त्या आवरणाचे रक्षण करते आणि क जीवनसत्त्व वापरल्या गेलेल्या ई ला पुन्हा कार्यक्षम करते, हे खरे. परंतु स्त्रीबीजात शिरण्याची क्षमता येण्यासाठी शुक्राणूला थोडे ऑक्सिडीकरण लागतेही, त्यामुळे ‘जितके जास्त तितके चांगले’ हा हिशेब येथे चुकतो. झोप मोडलेल्या उंदरांना ही जीवनसत्त्वे देऊन केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावणेही योग्य नाही. अमेरिकेतील २०२० च्या एका चाचणीत क, ई, सेलेनियम, झिंक इत्यादींचे मिश्रण तीन महिने देऊनही शुक्राणूंची हालचाल, आकार किंवा डीएनए यांत सुधारणा आढळली नाही.

मल्टिव्हिटॅमिन, ‘फर्टिलिटी’ची पुडी आणि वेगळी ई ची गोळी एकाच वेळी चालू असेल, तर तिन्ही वेष्टनांवरील मात्रांची बेरीज करून पाहावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी ई ची जादा मात्रा स्वतःहून घेऊ नये, तर मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी क ची. (संत्र्यांच्या नागपुरात क जीवनसत्त्व गोळीतून घ्यावे लागते, हेही नवलच.)

पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी करून निराश होणे ही फार आढळणारी चूक आहे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस आणि पुढे परिपक्व होण्यास आणखी काही दिवस लागतात, म्हणून बदलाचा परिणाम तीन महिन्यांनीच पाहावा. वीर्याचा नमुना २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळल्यानंतर द्यावा; मधल्या काळात ताप येऊन गेला असल्यास तो डॉक्टरांना सांगावा.

जागरण निभावण्यासाठी पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात धरून वर अँटिऑक्सिडंट (ई, क यांसारखी ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये) गिळणे म्हणजे एका हाताने भरायचे आणि दुसऱ्या हाताने सांडायचे.

सर्वांत महाग पडते ती थकव्यावर टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेण्याची चूक. बाहेरून हार्मोन मिळताच मेंदूतून वृषणांकडे जाणारे संकेत थांबतात आणि शुक्राणूंची संख्या शून्यावरही येऊ शकते. इंजेक्शन बंद केल्यावर ती पूर्ववत होण्यास अनेक महिने जातात. जिममध्ये कोणी असे इंजेक्शन दिले असल्यास संकोच न करता युरोलॉजिस्टला पहिल्याच भेटीत ते सांगावे.